सुलूआत्यांचा डावा हात

आमच्या मानवतच्या गल्लीत कुठलीही सूचना मतांअभावी पडत नाही, कारण सुलूआत्यांचा डावा हात कायम वर असतो.

एकदा गणपतीच्या बैठकीत कुणीतरी विचारलं, "प्रसादाची भाजी कोण चिरणार?" सगळ्यांनी त्या वर गेलेल्या हाताकडं पाहिलं.

"अहो, हा हात आराम करायलाय," आत्या म्हणाल्या. पण तोवर कोबीचं पोतं त्यांच्या दारात पोचलं होतं. त्यांनी कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घातले आणि चिरायला बसल्या.

"आत्या, ऑपरेशन करायलात का भाजी?" शेजारच्या काकांनी विचारलं.

"कोबीचं करायलेय. तुमचा नंबर नंतर."

एसटीतही तेच. कंडक्टर म्हणतो, "मावशी, तुमचा थांबा अजून यायचाय." आत्या म्हणतात, "मला ठाऊक हाय. तुमी तिकिटं फाडा."

आत्या आमच्या नात्यातल्या नाहीत, शेजारच्या. शाळेत शिवण शिकवून रिटायर झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. डाव्या हाताचे लाड फार. त्यात बांगडी नाही, त्यावर इंजेक्शन नाही. डास चावला तरी साबणानं धुवून मलम. कुणी कारण विचारलं की उत्तर ठरलेलं, "माझी काखेतली चौकी उठलीय." लोक हसायचे. मी इंग्रजी शाळेत उत्तर येत असूनही कधी हात वर केला नाही, त्यामुळं मला त्या हाताचा हेवा वाटायचा.

त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या, एकीवर एक, लेकरांची उंची मोजताना मारतात तशा. आत्यांना मूल नव्हतं. मी कधी विचारलं नाही.

मागच्या हिवाळ्यात आईचं नांदेडला स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. काखेतल्या गाठीही काढल्या. डॉक्टर म्हणाले, सगळं नीट आहे, फक्त त्या बाजूच्या हाताचा व्यायाम करा, नाहीतर खांदा आखडेल. घरी आल्यावर आईनं तो हात अंगाशी घट्ट धरला, तो सोडेचना. बाबांनी समजावलं. मी मोबाईलवरचे व्हिडिओ दाखवले. ती भिंतीकडं तोंड करून पडून राहायची.

एका दुपारी आत्या आल्या, पलंगावर बसल्या आणि सवयीनं हात वर केला.

"वहिनी, माझीबी चौकी अशीच उठवलीय. लय वर्षं झाली."

आईनं पहिल्यांदाच मान वळवली. "तुमची पण?"

"व्हय. काखेत गाठी असतात ना, तीच चौकी. हातातलं पाणी तिथून गाळून पुढं जातं. त्यात जंतू सापडला की तिथंच ठोकतात. आता चौकी न्हाई. पाणी तुंबतं, अन् चोराला रस्ता मोकळा. म्हणून आपणच गस्त घालायची. हात वर ठेवायचा, काटा टोचू द्यायचा न्हाई. बाकीच्या अंगात पोलीस भरपूर हायत, घाबरू नका."

आई बारीकसं हसली. "गल्लीत कुणाला सांगितलं नाही ते?"

"सांगितलं असतं तर रडायला आले असते. हसायला येतात ते बरं."

मग त्यांनी आईला भिंतीपाशी उभं केलं. "बोटं मुंगीसारखी वर चढवा." आईची बोटं खांद्याच्याही खाली थांबली. आत्यांनी पिशवीतून पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. "मार गं रेघ."

मी मारली. मग विचारलंच, "आत्या, तुमच्या भिंतीवरच्या रेघा..."

"याच. फक्त माझ्या वेळी पेन्सिल धरायला कुणी नव्हतं. एका हातानं चढायचं अन् दुसऱ्यानं रेघ मारायची. रेघा वाकड्या हायत, बघितल्यास का?"

मी मान हलवली. त्या खरंच वाकड्या होत्या.

आईनं कुणी न सांगता हात पुन्हा भिंतीला लावला. बोटं रेघेपाशी आली, थांबली. मी पेन्सिल टेकवली.

"थांब," आई म्हणाली. "आत्ताच मारू नको."