वऱ्हाडपांडेकाका आणि अक्रोड

आमचे वऱ्हाडपांडेकाका हॉटेलात शिरले की मेनूकार्डाला हात लावत नाहीत. ते सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहतात. आत कढया किती, झारे कुठले, तेल कधी बदललं, सगळी चौकशी होते. मग टेबलाशी येऊन निकाल देतात: "पास!" नाहीतर "रिजेक्ट!" रिजेक्ट झालं, की आम्ही पाणी पिऊन झालेलं असलं तरी उठायचं.

इथे अमेरिकेत ट्रॉयमध्ये काकांनी जन्मभर गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग तपासले; मापात ठरलेल्या 'टॉलरन्स'पेक्षा केसभर फरक दिसला की भाग रिजेक्ट. रिटायर झाल्यावर भाग गेले, तपासणी राहिली. आमच्या शेजारीच राहतात. हिवाळ्यात आमच्या ड्राइव्ह-वेवरचा बर्फ न सांगता काढतात, आणि वर माझ्या नवऱ्याला, विवेकला, फावडं कसं धरावं यावर सुनावतात. माणूस मूळचा नागपूरचा. इतकी वर्षं इथे काढली, पण "काय करून राहिले?" काही सुटलेलं नाही. लग्न केलं नाही. का म्हणून विचारलं तर म्हणतात, "टॉलरन्समध्ये कोणी बसलंच नाही." मला विचाराल तर त्यांच्या टॉलरन्समध्ये ते स्वतःही बसले नसते.

ऑर्डर देतानाचा त्यांचा आवाज तर पार्किंगपर्यंत जातो. "नो नट्स फॉर मी! काजू, बदाम, अक्रोड, ऑल रिजेक्ट!" आजूबाजूची माणसं वळून बघतात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं, पण बोलायची सोय नाही, कारण आमच्या लेकीला, इराला, हीच अ‍ॅलर्जी आहे आणि चांगली कडक आहे. अक्रोडाचा कण पोटात गेला तर इंजेक्शन आणि इमर्जन्सी. शेंगदाणा तेवढा चालतो, नाहीतर मराठी घरात तिचे हालच झाले असते. काकांच्या आरडाओरड्यात तिचं काम आपोआप होऊन जातं, तिला चारचौघांत तोंड उघडावं लागत नाही. दिवाळीत मी या दोघांसाठी बिनकाजूचा फराळ वेगळा करते. काका तो डबा परत देताना शेरा मारतात, "चकली पास. अनारसा रिमार्कसहित पास."

यंदा इरा कॉलेजसाठी कॅलिफोर्नियाला निघाली. जाण्याआधी एकदा तिला जॉर्जियन हॉटेलात जेवायचं होतं. अटलांटावालं जॉर्जिया नव्हे, रशियाच्या खालचा देश. होडीच्या आकाराचा पाव, त्यात वितळलेलं चीज आणि वर अंडं, असा काहीतरी व्हिडिओ तिने पाहिला होता. मी त्या हॉटेलचा मेनू वाचला आणि हबकलेच. वांग्यात अक्रोड, पालकात अक्रोड, चटणीत अक्रोड. मी चक्क नाही म्हणून टाकलं.

"इट्स फाइन, आई," इरा म्हणाली. फाइन अर्थातच नव्हतं. अशी किती हॉटेलं तिने लहानपणापासून बाहेरूनच पाहिली आहेत.

काका तिथेच बसले होते. म्हणाले, "आधी मी पाहून येतो." मंगळवारी एकटेच गाडी काढून गेले आणि संध्याकाळी येऊन म्हणाले, "पास. शनिवारी दुपारी लवकर जाऊ. आपलं जेवण आधी करतील, अक्रोड नंतर काढतील." मी तरीही फोन करून खात्री केली. आईपुढे काकांचा पास चालत नाही.

शनिवारी गेलो. होडीचा पाव आला, इराने त्याचे फोटो काढले, आणि मग आले खिंकाली. पाहताच काका खुर्चीतून उठायचेच बाकी होते. "अरे, हे तर मोदक!" खरोखर तसेच, कळ्या पाडलेले, वर शेंडी. आत मशरूम होते, पण काकांना पुढचं ऐकायचं नव्हतं. कोटाच्या खिशात त्यांची तुपाची छोटी बाटली कायम असते. त्यांनी शेंडी मोडली आणि आत तुपाची धार सोडली. खिंकालीच्या आत गरम रस्सा असतो. तो तुपासकट ताटातून टेबलावर आणि टेबलावरून विवेकच्या पँटवर आला.

"नो, नो, नो!" करत मालकीणबाई धावत आल्या. मनाना त्यांचं नाव. धिप्पाड, प्रेमळ बाई. शेंडी धरून उलटं करायचं, छोटा चावा घ्यायचा, रस्सा शोषायचा, शेंडी ताटात ठेवायची, हे त्यांनी आम्हाला शिकवलं. शिकवता शिकवता इराकडे पाहून त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "म्हणजे ती मुलगी तू! तुझ्यासाठी यांनी माझ्याकडून सगळं स्वयंपाकघर घासून घेतलं. आणि आमची अक्रोडाची वांगी स्वतः दोन प्लेट खाल्ली. बोटं चाटत होते. मग साबण मागितला."

काका ताटातली शेंडी निरखत बसले.

"काका," इरा म्हणाली, "यू डोन्ट हॅव द अ‍ॅलर्जी? अ‍ॅट ऑल?"

काकांनी नाही म्हणून मान हलवली.

"सो यू फेल्ट सॉरी फॉर मी. ऑल धिस टाइम." तिचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. कीव करणाऱ्यांचा तिला लहानपणापासून तिटकारा आहे. मला वाटलं, आता ही उठून गाडीत जाऊन बसणार, आणि जाण्याआधी या दोघांचं कायमचं बिनसणार. मला काकांचा रागही आला आणि त्यांच्यासाठी वाईटही वाटलं.

"कीव कशाची, बापा?" काका म्हणाले. आवाज त्यांचा वाटतच नव्हता. "तुला आठवते का, त्या जोशांच्या बेसमेंटमधली बर्थडे पार्टी? इतकीशी होतीस. सगळे केकपाशी, आणि तू जिन्यावर सफरचंद घेऊन बसून राहिली होती. मी भिंतीपाशी उभा होतो, कोट घालून. माझ्याशीही कोणी बोलून नव्हतं राहिलं. सगळी फॅमिलीवाली माणसं, त्यात मी काय बोलू? वाटलं, या पोरीजवळ बसावं. पण बसायला काही कारण पाहिजे नं. म्हणून म्हटलं, मलाही नट्स चालत नाहीत. तू काही विचारलं नाही. सरकली अन् जागा दिली."

शेंडी ताटाच्या कडेला सारून म्हणाले, "मग ते खरं सांगायची हिंमतच नाही झाली. तू उठून गेली असती तर?"

इराचे डोळे भरले होते, माझेही. मग नाक पुसून तिने मनानाबाईंना बोलावलं आणि खिडकीपाशी, अगदी पलीकडच्या टेबलावर, वांग्याची एक प्लेट लावायला सांगितली.

"काका, गो. ईट. मी इथून बघते. नंतर हात धुवा, बस."

प्लेट आली. वरच्या डाळिंबाच्या दाण्यांमुळे लांबूनही उठून दिसत होती. काकांनी तिकडे पाहिलं. एक प्लेट, एक खुर्ची.

"राहू दे," ते म्हणाले आणि त्यांनी इराच्या पावाचा तुकडा तोडून घेतला. "इतकं काही चांगलं नाही ते."