विहीणबाईंची दाढ आणि सावली विकलेली राणी

फँटसी कादंबऱ्यांच्या बाबतीत माझं मत कधीच चुकत नाही. हे मी गर्वाने नाही, पुराव्यानिशी सांगते! गेली सोळा वर्षं मी रोज दहा-बारा माणसांना माझी मतं ऐकवतेय आणि आजवर एकानेही उलट उत्तर दिलेलं नाही.

मी दातांची डॉक्टर आहे, हा भाग वेगळा.

आमचे हे म्हणतात, "अगं, त्यांच्या तोंडात नळी असते! बोलणार कसे?" पण ह्यांच्या बोलण्याकडे मी लक्ष देत नाही. जादूगार म्हटलं की ह्यांना टोपीतला ससा आठवतो.

तर मागच्या बुधवारी माझ्याकडे एक खास पेशंट येणार होत्या. आमच्या चिरंजीवांनी एक मुलगी पसंत केलीय, तिची आई. भूमापन कार्यालयात नकाशे काढतात. मुलगी तयार, तिचे वडील तयार, पण या बाई काही हूं की चूं करत नव्हत्या. दाढेचं नुसतं निमित्त! मुलीची होणारी सासू कशी आहे ते बघायला त्या येतायत, हे न कळायला मी काय खुळी आहे?

सकाळी चिरंजीवांनी माझ्यापुढे अक्षरशः हात जोडले. "आई, एवढं एकच कर. पुस्तकांवर बोलू नकोस."

"एक अक्षर बोलणार नाही!"

"त्या राणीबद्दल तर नाहीच नाही!"

"सांगितलं ना एकदा! आईवर विश्वास आहे की नाही?"

 तो डबा उचलून ऑफिसला गेला.

बाई दोनच्या ठोक्याला हजर. मोजकं बोलणं, मोजकं हसणं. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि आमचा नेहमीचा नियम सांगितला. "दुखलं तर डावा हात वर करा, मी लगेच थांबेन." मग इंजेक्शन दिलं, दाढेभोवती रबरी पडदा ताणून बसवला, लाळ ओढायची नळी ओठात अडकवली आणि दाढ कोरायला घेतली. सगळं कसं छान चाललं होतं! तेवढ्यात माझी नजर त्यांच्या पिशवीवर गेली.

पिशवीतून पुस्तक डोकावत होतं. उडत्या बेटांच्या मालिकेचा सहावा खंड!

आता तुम्हीच सांगा, हाडाच्या वाचकाने काय करावं? मी दात-ओठ आवळले. पाच मिनिटं कळ काढली. बरं, पाच नसतील, दोन असतील.

"तुम्हीही ही मालिका वाचता?" माझ्या तोंडून निघून गेलं.

बाईंचे डोळे चमकले. झालं! माझा बांध फुटला.

"मला सांगा, त्या राणीत लोकांना दिसतं तरी काय? चांगली धडधाकट सावली असलेली बाई, ती सावली विकून मोकळी होते! का? काही कारण? लेखकाला आठवण राहिली नाही, दुसरं काय!"

"आं! आं!" बाईंचा डावा हात वर.

"दुखलं का? अरेरे!" मी लगेच दुसरं इंजेक्शन दिलं आणि पुन्हा सुरू झाले. "आणि शेवटी काय, तर तीच फितूर! उत्तरेचं बेट शत्रूच्या घशात घालणारी तीच!"

"आंऽऽऽ!" आता दोन्ही हात वर!

"मॅडम," माझ्या मदतनीस बाई हळूच म्हणाल्या, "मला नाही वाटत त्यांना दुखतंय."

"तुम्ही डॉक्टर की मी?" असं म्हणून मी तिसरं इंजेक्शन दिलं.

त्यानंतर बाईंनी हात वर केला नाही. सरळ उठून बसल्या, नळी स्वतःच उपटली, रबरी पडदा काढून ट्रेमध्ये आपटला. काहीतरी बोलायला गेल्या, पण ओठ लोंबकळलेला, जीभ लाकडासारखी. "फ... फा... फूऽ!" एवढंच निघालं. त्या तडक दाराकडे निघाल्या. गळ्यात आमचं निळं कागदी लाळेरं तसंच!

"अहो, दाढ उघडी आहे!" मी पायऱ्यांपर्यंत धावले. बाई रस्ता ओलांडून गेल्यासुद्धा.

"तुम्ही शेवट सांगून टाकलात मॅडम," मदतनीस बाई म्हणाल्या. "त्या अजून सहाव्यावर आहेत."

अर्ध्या तासात चिरंजीवांचा फोन. "आई, काय केलंस तू? त्यांनी मुलीला मेसेज टाकलाय. 'त्या समोरच्याला बोलूच देत नाहीत. अशा घरात तुला पाठवायचं का, याचा मला विचार करावा लागेल.'"

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता.  पोराचं लग्न मी एका राणीपायी मोडलं! बाईंना तीनदा फोन लावला, उचलला नाही. शेवटी संध्याकाळचे पेशंट पुढे ढकलले आणि त्यांच्या घरी जाऊन पाय धरायचे असं ठरवून पर्स उचलली, तर दारात त्याच उभ्या! काखेत कागदाची ही मोठी गुंडाळी.

"बसा," पेशंटच्या खुर्चीकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या. जीभ अजून थोडी जड होती, पण हुकूम स्पष्ट होता. मी निमूट बसले.

"माझं चुकलं हो," मी म्हटलं. "मी शेवट सांगायला नको होता."

"शेवट? अहो, मी ही मालिका तिसऱ्यांदा वाचतेय!"

"मग दुखत होतं?"

"दुखतंय कुठलं! राणी फितूर नाही, एवढंच मला सांगायचं होतं! मी हात वर करतेय आणि तुम्ही आपल्या टोचत सुटलाय!"

त्यांनी गुंडाळी माझ्या मांडीवर उलगडली. साऱ्या उडत्या बेटांचा हाताने काढलेला नकाशा! राणीचा प्रवास लाल शाईत, आणि प्रत्येक वळणावर खंडाचा आकडा.

"हे बघा. इथे ती सावली विकते. बहिणीच्या लेकराला सोडवायला! आणि उत्तरेचं बेट आधीच रिकामं केलेलं असतं तिने, माणूस न् माणूस हलवलेला असतो. सगळं चौथ्या खंडात आहे."

मी लाल रेघेवर चौथ्या खंडाचा आकडा शोधू लागले.

"तुम्ही चौथा वाचलाय ना?"

काय सांगू तुम्हाला! अकरा वर्षांपूर्वी लायब्ररीत चौथा खंड मिळाला नाही, तेव्हा मधल्या खंडात असं काय होणार म्हणून मी थेट पाचवा उचलला होता. आणि तेव्हापासून सगळ्या गावाचे दात कोरत त्या राणीला शिव्या घालतेय.

"नाही," मी म्हटलं. आयुष्यात एवढ्या हळू मी कधी बोलले नव्हते.

बाई हसल्या. अर्धाच ओठ हसला, अर्धा अजून बधिर होता. "घरात, ऑफिसात कुणी ही पुस्तकं वाचत नाही हो. वीस वर्षं एकटीच नकाशे काढत बसते. आज जन्मात पहिल्यांदा कुणीतरी भांडायला भेटलं, आणि नेमकी माझी जीभ बंद!" मग त्यांनी फोन काढला. "मुलीला कळवते, माझी हरकत नाही. फक्त माझं बोलणं ऐकून घेत जा."

 त्यांची दाढ मी चकार शब्द न काढता पुरी केली. मदतनीस बाईंनी दोनदा विचारलं, "मॅडम, बरं वाटतंय ना?"

लग्न पुढच्या महिन्यात आहे. विहीणबाईंनी चौथा खंड स्वतः आणून दिला आणि मी तो चार दिवसांत संपवला. राणीचं शंभर टक्के बरोबर आहे! मी तर रडलेसुद्धा. पण रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो, "काय मग, पटलं का?" आणि मी ठणकावून सांगते, "मुळीच नाही!" त्या तासभर तावातावाने भांडतात, मी ऐकते. आता एवढ्या आनंदात असलेल्या बाईला, मी हरले, असं कुठल्या तोंडाने सांगू?