शंभर टक्के गळती

माणसाजवळ दोन प्रकारची मालमत्ता असते. एक डोक्यावर असते आणि दुसरी वर्तमानपत्रात. डोक्यावरची जिथल्या तिथे राहते, फार तर कधीतरी खाली येते. वर्तमानपत्रातली रोज सकाळी वर जाते. तेव्हा शहाण्याने आपला जीव कशात गुंतवावा हे विचारायला ज्योतिष्याकडे जायला नको. नालासोपारा पूर्वेला, आचोळ्यातल्या 'चिरंजीव छाया, इमारत क्रमांक तीन' इथल्या सोळा बिऱ्हाडांना हे सत्य १९९४ साली उमगले आणि त्यानंतर त्या इमारतीत घराकडे घर म्हणून कुणी पाहिले नाही. (अपवाद एका बाईंचा. त्यांच्यामुळेच पुढचा सगळा घोटाळा झाला.)

त्या साली 'चिरंजीव कन्स्ट्रक्शन अँड रिजनरेशन लिमिटेड' या कंपनीने आपले शेअर जनतेसाठी खुले केले. इमारत क्रमांक तीन याच कंपनीने बांधलेली. ज्याने आपल्याला घर दिले त्याच्या कंपनीत पैसे घालणे म्हणजे घरच्याच माणसाला देणे, असा साधा हिशोब होता. तिसऱ्या मजल्यावरच्या आत्माराम पेडणेकरांनी चार अर्ज भरले: एक स्वतःचा, एक पत्नी सुनंदाबाईंचा, एक शाळेत जाणाऱ्या मुलाचा, कौस्तुभचा, आणि एक कैलासवासी वडिलांचा. (वडिलांनाही शेअर मिळाले. सहीत फरक आढळला नाही.)

त्या काळी चांगल्या कंपनीचा शेअर मिळणे म्हणजे लॉटरी लागणे. लोक ढिगाने अर्ज करत आणि पैसे परत आले की नशिबाला बोल लावत. चिरंजीवने मात्र मागेल त्याला मागितले तितके शेअर दिले. खालच्या मजल्यावरच्या दोघांना तर मागितल्यापेक्षा जास्त दिले. एवढ्या दिलदार कंपनीवर शंका घेणारा माणूस इमारतीत नव्हता, आणि असता तर त्याला जिन्यात उभे राहू दिले नसते.

पेडणेकर मुंबईत एका विमा कचेरीच्या दावे विभागात होते. समोर आलेला दावा पुराव्याअभावी नामंजूर करणे ही त्यांची उभ्या नोकरीतली कामगिरी. "अहो, ओट्यावर वरून पाणी पडतंय," हा सुनंदाबाईंचा दावाही त्यांनी पहिल्या दोन पावसाळ्यांत असाच निकालात काढला होता. तिसऱ्या पावसाळ्यात पिठाच्या परातीत पाणी पडले तेव्हा पुरावा झाला, पण तोवर ते भागधारक झाले होते.

"कंपनीला एक पत्र तरी टाका," सुनंदाबाई म्हणाल्या.

"अगं, आपणच कंपनी! आपणच आपल्याविरुद्ध तक्रार करायची? उद्या पेपरात आलं तर भाव पडेल."

"भाव पडेल तेव्हा पडेल. आत्ता छत पडतंय."

सुनंदाबाईंचे त्या ओट्याशी काय नाते होते हे इथे सांगितले पाहिजे. लग्नानंतर नऊ वर्षे त्या परळला एका खोलीत राहिल्या. तिथे त्यांचा स्टोव्ह सासऱ्यांच्या खाटेखाली असे, आणि सासरे उठल्याशिवाय चहा होत नसे. आचोळ्याचा कडप्प्याचा ओटा त्यांनी स्वतः दुकानात जाऊन निवडला होता. उभ्याने स्वयंपाक करता येतो, या एका गोष्टीचे त्यांना पहिले वर्षभर मनापासून सुख वाटत होते. भागधारकाच्या दृष्टीने या सुखाला बाजारात काहीच किंमत नव्हती.

पुढे कंपनीची वार्षिक सर्वसाधारण सभा वसईच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये भरली. प्रत्येक भागधारकाला एक खोका मिळाला. त्यात एक सामोसा, एक पेढा आणि वेफर. (पेडणेकरांनी चार खोके घेतले. वडील प्रकृतीमुळे येऊ शकले नव्हते.) अध्यक्ष महोदयांनी कंपनीचे तत्त्व समजावून दिले. ते असे: कंपनीचे दोन विभाग आहेत. बांधकाम विभाग इमारती बांधतो. त्या थोड्याच वर्षांत मोडकळीला येतात. मग पुनरुज्जीवन विभाग त्या पाडतो आणि नव्याने बांधायला घेतो, आणि ते काम अर्थातच बांधकाम विभागाला मिळते. "इतर कारखानदारांना कच्चा माल बाहेरून आणावा लागतो," अध्यक्ष म्हणाले, "आपण तो स्वतः बांधतो." हॉलमध्ये इतक्या टाळ्या पडल्या की वरच्या पंख्याभोवतीचा थोडा गिलावा खाली आला. हॉलही चिरंजीवचाच होता.

आपल्या ओट्यावर पडते ते पाणी नसून कंपनीचा भविष्यकाळ आहे, हे पेडणेकरांना त्या दिवशी कळले.

लवकरच पुनरुज्जीवनाची पहिली योजना जाहीर झाली आणि मान मिळाला इमारत क्रमांक तीनला. बातमी छापून येताच शेअर चढला. योजना सरळ होती. बिऱ्हाडांनी जागा रिकाम्या कराव्यात. कंपनी इमारत पाडून तीन वर्षांत तिथेच मोठ्या जागा देईल. तोवर ज्याने त्याने आपापली सोय पाहावी. अट एकच. इमारत सर्वांगीण जीर्ण असल्याचा इंजिनीअरचा दाखला हवा, म्हणजे सोळाच्या सोळा जागांत गळती हवी. एक जरी जागा कोरडी निघाली तरी योजना रद्द.

"तीन वर्षं राहायचं कुठं?" सुनंदाबाईंनी विचारले.

"अगं, तीन वर्षांत शेअर कुठं जाईल बघ!"

"शेअर जाईल हो. आपण कुठं जायचं?"

या प्रश्नाचे उत्तर माहितीपत्रकात नव्हते, म्हणून पेडणेकरांनी ते दिले नाही.

पाहणीपूर्वी इमारतीची गळती जेमतेम अडतीस टक्के होती. ही लाजिरवाणी स्थिती सुधारण्यासाठी सोसायटीने 'गळती संवर्धन समिती' नेमली. अध्यक्षपदी सोसायटीचे चेअरमन शत्रुघ्न लोखंडे यांची एकमताने निवड झाली. लोखंड्यांचा सातिवलीला प्लास्टिकच्या बादल्या आणि टब काढण्याचा छोटा कारखाना होता. प्रत्येक बिऱ्हाडाने किमान चार बादल्या घ्याव्यात असा पहिला ठराव झाला. (भागधारकांना सवलत. दर बाजारापेक्षा किंचितच जास्त.)

दुसरा ठराव पाण्याचा. गच्चीवर पाणी तुंबल्याशिवाय वरचा मजला गळणार नाही, म्हणून रोज पाणी ओतायचे ठरले. त्या वर्षी नळाला एक दिवसाआड पाणी येई आणि बायका भांडी घेऊन रांगेत उभ्या असत. पण समितीने वर्गणी काढून टँकर मागवला, पाईप लावला आणि पाणी थेट गच्चीवर नेले. सभासद पाळीपाळीने, शेताला पाणी धरावे तसे, ते फिरवत. अधल्यामधल्या मजल्यांसाठी वरच्याने न्हाणीचा नळ रात्रभर चालू ठेवायचा. दुसऱ्या मजल्यावरच्या एका गॅलरीचा कठडा आपणहून कोसळला, तेव्हा त्या बिऱ्हाडाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. ज्यांच्या स्कूटरवर तो पडला तेही भागधारकच असल्यामुळे त्यांनीही टाळ्या वाजवल्या. गळती एक्क्याऐंशी टक्क्यांवर गेली आणि शेअरने नवा उच्चांक गाठला.

अशा मंगल वातावरणात सुनंदाबाईंनी ते कृत्य केले.

वसईकडच्या सांडोर गावचा पास्कल सायकलवरून केळी आणि भाजी घेऊन दारात येई. तो गवंडीकामही करी. सुनंदाबाईंनी त्याला एक दिवस स्वयंपाकघराचे छत दाखवले; त्यांच्या घरात गळत होते ते तेवढेच.

"बाय, या बिल्डिंगीत रिपेर करायला बंदी हाय म्हनतात," पास्कल म्हणाला.

"बंदी त्यांना. मला पोळ्या करायच्यात."

पास्कलने डोके खाजवले. "माज्याकडेपन शंभर शेअर हायेत चिरंजीवचे."

"मग?"

"मग काय? दुपारचा येतो. सायबलोक नसतात तवा."

सिमेंट, रेती आणि गळती थांबवायची पावडर केळ्यांच्या घडांखाली लपून तिसऱ्या मजल्यावर गेली. पुरुषमंडळी मुंबईला गेलेली. बायका घरी होत्या, त्यांनी सगळे पाहिले; पण समितीत एकाही बाईला घेतलेले नव्हते, त्यामुळे त्यांनी अहवाल देण्याचा प्रश्न आला नाही. पास्कलने सुनंदाबाईंच्या स्वयंपाकघराच्या बरोबर वर, गच्चीवर, नवा कोबा घातला आणि वर जुनी धूळ पसरून टाकली. नव्या कोब्याला आठ-पंधरा दिवस भरपूर पाणी मारावे लागते. ते काम समितीने टँकर लावून, पाळीपाळीने, न चुकता केले. त्यात सर्वांत उत्साही सभासद आत्माराम पेडणेकर होते.

पाहणीच्या दिवशी कंपनीचे इंजिनीअर छत्री घेऊन आले. तळमजल्यापासून वरपर्यंत प्रत्येक घरात त्यांनी ती उघडली, थेंबांचा आवाज ऐकला आणि मान डोलावली. एका घरात तर त्यांनी छत्री मिटायलाच नकार दिला. शेवटी ते पेडणेकरांच्या स्वयंपाकघरात आले. छत्री उघडून उभे राहिले. सुनंदाबाई पोळ्या लाटत होत्या. बराच वेळ काहीच पडले नाही, तेव्हा त्यांनी छत्री मिटली आणि खाली मान घालून लिहिले: पंधरा जागा उत्तम, एक कोरडी. फेरपाहणी पंधरवड्याने.

दुसऱ्या दिवशी शेअर घसरला. बातमी बाजारात कशी पोचली हे गूढच राहिले. (इंजिनीअरांकडेही शेअर होते.)

तातडीची विशेष सभा भरली. विषय एकच: सुनंदा आत्माराम पेडणेकर यांनी सोसायटीच्या पूर्वपरवानगीशिवाय आपले छत कोरडे ठेवून सभासदांच्या आर्थिक हितास बाधा आणल्याबाबत.

"वहिनी, पंधरा घरं एका बाजूला आणि तुम्ही एकट्या एका बाजूला," लोखंडे दुःखी आवाजात म्हणाले. "लोकांनी टँकरला वर्गणी दिली. घरातलं प्यायचं पाणी दिलं. तुम्हाला थोडं गळलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"पोळ्या बिघडत होत्या," सुनंदाबाई म्हणाल्या. "आणि लोखंडेभावजी, तीन वर्षं कुठं राहायचं ते ठरलंय का तुमचं?"

लोखंडे यांनी हा मुद्दा विषयपत्रिकेवर नसल्याचे निदर्शनास आणून दिले. पेडणेकरांनी स्वहस्ते छत पूर्ववत करावे, असा ठराव झाला. हात वर गेले. त्यात पेडणेकरांचाही होता. तो वर गेल्यावर त्यांना दिसले की सुनंदाबाई त्यांच्याकडेच पाहत आहेत, आणि त्यांना लाज वाटली. पण एकदा वर गेलेला हात खाली आणण्याची कार्यपद्धती उपविधीत दिलेली नाही.

रविवारी सकाळी ते छिन्नी-हातोडा घेऊन गच्चीवर चढले. खालून फोडणीचा वास येत होता. त्या गच्चीवर बसून त्यांनी इतके दिवस पाणी ओतले होते, पण खाली आपले घर आहे हे त्यांच्या पहिल्यांदाच ध्यानात आले. त्यांनी एक घाव घातला. खालून भांड्यांचा आवाज थांबला. सुनंदाबाई वर आल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. पेडणेकरांनी दुसरा घाव घातला, तो पहिल्याहून हलका होता. तिसरा त्यांनी घातला नाही. हात दुखावल्यामुळे काम अपूर्ण राहिले, असे त्यांनी समितीला लेखी कळवले. कुणाचाही दावा पुराव्याशिवाय मंजूर न करणाऱ्या माणसाने हाताचे दुखणे मात्र कुणाला तपासू दिले नाही.

फेरपाहणीतही ते स्वयंपाकघर कोरडेच निघाले. योजना रद्द झाली. शेअर चढला होता त्याच्या दुप्पट वेगाने खाली आला, आणि पुढल्या वर्षी कंपनीला पाठवलेली पत्रे 'या पत्त्यावर कोणी नाही' म्हणून परत येऊ लागली. पंधरा बिऱ्हाडांनी सुनंदाबाईंशी बोलणे टाकले. एका बाईच्या पोळ्यांपायी सगळे बुडाले, असे ती आपापल्या घरात, आपापल्या छपराखाली बसून म्हणत.

पण त्या पावसाळ्यात इमारतीला मेहनतीची फळे मिळू लागली. कपाटे गळली, गाद्या गळल्या, देव्हारे गळले. मग एका संध्याकाळी पेडणेकरांची बेल वाजली. दारात लोखंडे उभे होते. हातात स्वतःच्याच कारखान्याची बादली, बादलीत प्लास्टिकची पिशवी, पिशवीत चिरंजीवचे शेअर सर्टिफिकेट.

"वहिनी, आमच्याकडे सगळीकडे ओल आहे. हे कागद जरा तुमच्या माळ्यावर ठेवता का? भाव परत येईल तेव्हा लागतील."

"ठेवा," सुनंदाबाई म्हणाल्या. "चपला बाहेर काढा."

आठवड्याभरात पंधराही घरांचे कागद त्यांच्या तांदळाच्या डब्याशेजारी येऊन बसले. अबोला मात्र कायम आहे. जिन्यात भेटले की लोक तोंड फिरवतात आणि भिंतीकडे पाहून विचारतात, "कागद कोरडे आहेत ना?" त्याही भिंतीकडे पाहूनच 'हो' म्हणतात.

वाचकहो, एव्हाना आपण सुनंदाबाईंच्या बाजूला येऊन उभे राहिला असाल. गोष्ट वाचताना माणूस नेहमी योग्य बाजूलाच उभा राहतो. त्याला वर्गणी पडत नाही. आता फक्त एक आठवून पाहा. आपल्या सोसायटीच्या गेल्या सभेत गच्चीच्या दुरुस्तीचा विषय निघाला होता. तेव्हा मागून कुणीतरी म्हणाले, "आता कशाला खर्च? रिडेव्हलपमेंट येतेच आहे." त्यावर सगळ्यांत आधी जो हात वर गेला, तो कुणाचा होता?