सासूबाईंनी खुडलेले शेंडे

मोहिनी देवपूरच्या घराच्या गच्चीवर पोचली, तेव्हा सासूबाई शेवटच्या कुंडीतल्या तुरीचा शेंडा खुडत होत्या. सुनेची पीएच.डी. त्यांच्या ओच्यात गोळा झाली होती.

"आई, हे काय केलंत?"

"शेंडे खुडले माय! त्याबिगर फांद्या कशा फुटतीन? एवढी शिकलेली तू, अन् तूर वाढू देली काठीवानी!"

सासूबाई, म्हणजे बेबाबाई, बोदवडकडच्या शेतकरी घरातल्या. उंच गेलेला शेंडा दिसला की त्यांचे हात शिवशिवायचेच. आता सासूला रागवायचं तरी कसं?

गच्चीवर एक रांग साध्या तुरीची होती. दुसऱ्या रांगेतल्या वाणात फांद्या फोडणारा जीनच बिघडलेला आहे, असं मोहिनीचं ठाम म्हणणं होतं. साध्या झाडात शेंडा बाजूच्या डोळ्यांना, म्हणजे फांद्यांच्या कोंबांना, दाबून ठेवतो. तो गेला की फांद्या फुटतात. मोहिनीच्या वाणात मुळात डोळेच धरत नाहीत, मग शेंडा असो वा नसो. पण त्या रांगेत आता एक जरी फांदी फुटली, तरी सगळा प्रबंध पाण्यात जाणार होता. "नाहीच फुटणार," असं स्वतःला बजावून ती खाली उतरली. शास्त्र पक्कं असल्यावर भ्यायचं कशाला?

पंधरवड्यात साधी तूर झुडपासारखी फोफावली. दुसरी रांग बोडकीच राहिली. मोहिनी खूश झाली, पण बेबाबाईंना घास उतरेना.

"माह्या हातानं वाटोयं झालं तुह्यं."

"अहो आई, मला हेच हवं होतं!"

"मनाची मोठी हायेस म्हनून म्हनते तू," म्हणत त्यांनी डोळ्याला पदर लावला.

रविवारी मोहिनीचे मार्गदर्शक पितांबर सर गच्चीवर आले आणि जागीच थबकले. साधी तूर बोडकी होती, बोडकी तूर मात्र डेरेदार झाली होती.

"मोहिनी, तुमचा जीन नेमका कोणत्या रांगेत आहे?"

मोहिनी दोन्ही रांगांकडे आळीपाळीने पाहू लागली. सरांनी वाकून एक फांदी धरली, तर ती दोऱ्यासकट हातातच आली.

"पोरीले बोलू नका सायेब, मीच बांधल्या!" बेबाबाई पुढे झाल्या. "पाहुना येनार अन् एक रांग उघडीबोडकी, बरं दिसते का? इकडच्या तोडल्या, तिकडं बांधल्या."

सरांनी साध्या तुरीवरचे ताजे काप तपासले. "म्हणजे त्या रांगेला स्वतःचं काहीच फुटलं नाही?"

"कशाचं फुटते! शेनखत घातलं, ताक घातलं, मुक्ताईले नवस बोलली. एक डोया उघडला नाही मेल्यायचा!"

सर खदखदून हसले. "मोहिनी, एवढी कडक परीक्षा मीसुद्धा घेतली नसती. जिंकलात तुम्ही!"

सर खाली चहाला गेले. बेबाबाई मात्र हिरमुसून बसल्या. "म्हंजे मुक्ताईनं माह्यं ऐकलंच नाही. आता या आनलेल्या नारयाचं काय करू?"

"द्या तो नारळ इकडे, मी फोडते. माझा नवस फेडायचाय."

"तू कवा बोलली व माय?"

मोहिनीने जिन्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुम्ही शेंडे खुडले ना, त्याच दिवशी."