एकसष्टावी ओळ

आमच्या कारखान्यातले बाबूअण्णा आकड्यांना चिमटे काढतात. कुणी तक्ता पुढे ठेवला की त्यातला एक आकडा बदलतात आणि बाकीचे हलतात का ते बघतात. नाही हलले, तर म्हणतात, "मेलेत." भाजीवाल्याच्या रिकाम्या तराजूवरही आधी बोट टेकवून बघतात. चामराजपेटेत सगळे त्यांना ओळखतात, आणि वजनमाप करणारे जरा टाळतात.

माझ्या मुलीला, अंजूला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. त्यासाठी तिच्या रक्तगटाच्या एकसष्ट जणांचा तक्ता अण्णांनी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर केला होता. नाव, वजन, शेवटच्या रक्तदानाची तारीख, आणि शेवटी एक किंवा शून्य. नव्वद दिवस उलटलेत आणि वजन निदान पंचेचाळीस किलो आहे, तर एक. त्याला बोलवायचं.

त्या शनिवारी जुना कॉम्प्युटर पाच वाजता हमाल नेणार होते. तक्ता नव्या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅममध्ये घेतला. शेवटचा रकाना मी कागदाशी ताडला. एकही चूक नव्हती. सोमवारी अंजूला न्यायचं होतं. मी फ्लॉपी खिशात घालून उठलो.

"स्वल्प बसा राव," अण्णा म्हणाले. त्यांनी एकाची तारीख कालची केली. त्याच्यापुढचा एक तसाच राहिला. दुसऱ्याची केली. तोही तसाच.

"उत्तरं आलीत, सूत्रं मागेच राहिलीत. आजचा एक जन्मभर एकच. काल रक्त दिलेल्याला आपण उद्या बोलावणार, तो परत जाणार, आणि पोरगी खाटेवर वाट बघत पडणार."

मी परत बसलो. चार वीस झाले होते. जुन्या पडद्यावरचं सूत्र मी वाचलं, अण्णांनी ते नव्यात भरून खालपर्यंत उतरवलं. झालं, असं मी म्हटलं. पण त्यांनी ओळीओळीला चिमटा काढला. हमाल दारात येऊन उभे राहिले. अण्णा त्यांच्या पोराबाळांची कन्नडमध्ये चौकशी करत राहिले. सदतिसावी ओळ हललीच नाही. तिथली तारीख नुसती अक्षरं होऊन आली होती; ती पुन्हा भरली.

शेवटचं नाव अण्णांचं निघालं. शून्यवाल्यांची नावं मी कधी वाचलीच नव्हती. बाजूला दर महिन्याचं वजन होतं: एकेचाळीस, एकेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस.

अण्णांनी पंचेचाळीस टाइप केलं. शून्याचा एक झाला. तो एक ते बराच वेळ बघत राहिले. हमालानं जुन्याचा प्लग काढला तरी मान वळवली नाही. मग त्यांनी पुन्हा त्रेचाळीस लिहिलं.

"सरी, ठीक," म्हणाले, "ही ओळही चालते."