सान्यांची टोपी

आमच्या खैतान भागातल्या इमारतीतले साने टोपी काढल्याशिवाय भांडत नसत. बोलायला उठले की टोपी हातात, बसले की डोक्यावर. ऑगस्टातलं कुवेत, आणि टोपी लोकरीची! का, तर इंग्लंडात राजा परत आल्यावर जी पार्लमेंट भरली, तिचे सभासद म्हणे असंच करत.

इस्पितळात एक्स-रे काढणारा हा माणूस. पण तोंडी सदा तेच सभासद: राजाच्या खर्चाला कोण आडवा गेला, जुन्या बंडवाल्यांना कोणी माफी मिळवून दिली, मत द्यायच्या वेळी कोण जेवायला पळाला. लिफ्टमध्ये मी विचारावं, "काय साने, पाणी आलं का?" तर उत्तर, "प्रश्न सभागृहात मांडा, माननीय घोलप."

मी नाशकाहून रिकाम्या हाताने आलेला. घासाघीस करून गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान उभं केलं. मला कसलं सभागृह सांगता?

इराकी सैन्य शहरात शिरलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी जॉर्डनमार्गे घरी जायचं ठरवलं. बस मी मिळवली. ड्रायव्हर दोनदा रागावून निघून गेला, दोनदा मी त्याला परत आणला. आणि सान्यांनी जिन्यात सभा घेऊन ठराव मांडला, "माणशी एक पिशवी. खोकी नाहीत." माझी गिअरच्या सामानाची दोन खोकी होती, हे त्यांना पक्कं ठाऊक! विरोधात हात एकच, माझा.

"साने, तुमची पार्लमेंट गेली खड्ड्यात!"

"शब्द मागे घ्या."

"घेत नाही!"

त्यांनी टोपी घातली आणि बसले.

निघायच्या सकाळी निदान बारीक, महागडं सामान खिशात भरावं म्हणून मी दुकानाकडे गेलो. परतताना सैनिकांनी नाक्यावर अडवून ठेवलं. सुटलो तेव्हा बस गेली असणार हे कळत होतं. दुसरी बस कुठून आणणार? तरी धावलो.

बस उभी होती. ड्रायव्हर हॉर्न बडवत "यल्ला! यल्ला!" ओरडत होता. दाराच्या पायरीवर बोडक्या डोक्याने साने. भाषण चालू.

"अहो घोलप, होतात कुठे?" खिडकीतून कुलकर्णीबाई कडाडल्या. "सभासद बोलतोय तोवर सभा उठत नाही म्हणे! हे पायरी सोडेनात, दार लागेना. त्या राजाचे सगळे प्रधान पाठ झाले आम्हाला!"

आत एकच जागा रिकामी होती. तिच्यावर लोकरीची टोपी.

"टोपी ठेवली की जागा राखलेली," साने म्हणाले. "बसा."

"आणि तुम्ही?"

"ती माझीच. तुमच्या जागेवर एक बाळंतीण बसली आहे. मी हरकत घेतली नाही."

"अहो, पण..."

"तुमच्या घरी वाट बघताहेत, घोलप. माझ्यासाठी तिकडे कोण टोपी ठेवणार?"

मी तोंड उघडेपर्यंत ते खाली उतरले होते. दार लागलं. उलट बोलायची संधीच दिली नाही या माणसाने!

पुढच्या वर्षी इराकी सैन्य हटलं, कुवेतचे राजे, अमीर, परतले, मागोमाग मी. काय काय सुनवायचं ते वाटभर जुळवत आलो. सान्यांनी दार उघडलं. डोकं बोडकं. मागे भिंतीशी माझी दोन्ही खोकी, चादरीने झाकलेली.

"ठराव फक्त बसपुरता होता," ते म्हणाले.

मी टोपी पुढे केली. त्यांनी ती घातली नाही. खोलीतल्या एकुलत्या एका खुर्चीवर ठेवली आणि म्हणाले, "बसा."