गयामावशींनी हातात घेतलेलं लेकरू

"डब्ब्यात लेकरूवाली कोन हाय? हात वर करा!"

आर्वीच्या गाडीत पाय ठेवला रे ठेवला की गयामावशी आधी हे ओरडायच्या. आपल्याला बसायला मिळालं की नाही, ही चौकशी मागून. पुलगावहून आर्वीला जाणारी आमची ती छोटी गाडी. डबे एवढेसे, आणि बाजाराच्या दिवशी त्यात माणसं, कोंबड्या, वांग्याच्या टोपल्या, नव्या नवऱ्या, जुने नवरे, सगळं कोंबलेलं. अशा गर्दीतून लेकरूवाल्या बाया निमूट हात वर करायच्या. एकदा एका नव्या तलाठ्यानेही घाबरून हात वर केला. त्याच्याजवळ लेकरू कुठलं! "मंग हात कायले वर केला? उठा, या बाईले बसू द्या," म्हणून मावशींनी त्यालाच उठवलं. तो बिचारा आर्वीपर्यंत उभा.

गयामावशी पुलगावला आमच्या शेजारी राहायच्या. खादीचं जाडंभरडं लुगडं, कपाळ मोकळं, घरात एकट्या. आणि आवाज असा, की गार्डाने शिट्टी फुंकली नसती तरी गाडी सुटली असती. गावोगाव हिंडून बायांनी कातलेलं सूत गोळा करायचं, हे त्यांचं काम. त्यामुळे घरापेक्षा गाडीतच जास्त. गाडी कोणाची का असेना, डबा गयामावशींचा.

आणि डब्यात कायदाही त्यांचाच. लेकरूवालीने खिडकीशी बसायचं, पण इंजिनाकडे पाठ करून, नाहीतर कोळशाचे कण लेकराच्या डोळ्यांत जातात. बिडीवाले पलीकडच्या दाराशी. झोपलेल्या पोराला हलवून नाव विचारणाऱ्याची तर खैर नाही. "नाव का पयून चाललं त्याचं? उठल्यावर इचारजो!" कौतुक तर अजिबात करायचं नाही, नजर लागते. कोणाच्या तोंडून "काय गोरंपान लेकरू हाय" असं निघालं की मावशी खेकसायच्या, "कोठी गोरं? कोयशावानी तं हाय! थुंका लवकर!" पोराची आईसुद्धा खुशीत मान डोलवायची.

एकदा एका कापसाच्या दलालाच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर कोणाच्या तरी पोराने आपलं काम उरकलं. दलाल ताडकन उठला. मावशींनी त्याचा सदरा धरून खाली बसवला. "बसा शेटजी. घरबसल्या गंगा आली, अन् तुमी उठून कुठं चालले?" अख्खा डबा हसला. दलालही हसला, करतो काय!

लेकराची आई दमलेली दिसली की मावशींची नजर डब्यात फिरायची. "ओ पाटील, हात मोकयेच दिसून राह्यले तुमचे. घ्या लेकरू." मोठमोठ्या मिशांचे पाटील मुकाट्याने मांडी पसरायचे. मग पोर मिशा ओढतंय, पाटील डोळ्यांत पाणी आणून गाणं म्हणताहेत. काय एकेक देखावे पाहिलेत मी त्या गाडीत!

पण एक गोष्ट मला फार दिवस खटकत होती. मावशी सगळ्यांच्या मांडीवर लेकरं देत, आपण मात्र कधी घेत नसत. मी नवीन लग्न होऊन आलेली, मला गल्लीतलं काही ठाऊक नाही. माझी सुमी झाल्यावर एकदा मी तिला त्यांच्यापुढे धरलं. "मावशी, घ्या ना तुमीच." त्या दोन पावलं मागे सरल्या. "नोको वो. माहे हात खरबरीत हायेत. लेकराले लागते." मी मनात म्हटलं, बाई नुसती बोलायलाच पुढे दिसते.

त्यानंतरची गोष्ट. आर्वीला माझं माहेर. सुमीला घेऊन मी निघाले, सोबतीला सासूबाई. नेमका बाजाराचा दिवस! अशा दिवशी आमच्याकडे रीतच होती, की लेकरू आधी खिडकीतून आत ओळखीच्या माणसाजवळ द्यायचं, मग आपण दारातून धक्के खात शिरायचं. दारातून लेकरू घेऊन शिरणं म्हणजे त्याचा चुरमाच. गयामावशी खिडकीशी बसलेल्या दिसल्या आणि माझा जीव भांड्यात पडला.

"आन इकडे! ओ भाऊ, घ्या वो त्या पोरीले!" त्या शेजारच्या माणसाला म्हणाल्या. पण भाऊ आपली टोपली फळीवर चढवण्यात गुंतलेला. तेवढ्यात शिट्टी झाली. माझा धीर सुटला. "धरा मावशी!" म्हणत मी सुमीला सरळ त्यांच्याच अंगावर लोटलं. त्यांचे हात आपसूक पुढे आले.

आणि आम्ही दाराशी पोचतो तो गर्दीने आम्हाला मागे फेकलं. गाडी हलली. कोणीतरी आम्हा दोघींना ओढून मागच्याच डब्यात घेतलं. त्या गाडीत या डब्यातून त्या डब्यात जायची सोय नव्हती. आता पुढचं स्टेशन येईपर्यंत मी इकडे आणि माझी पोर तिकडे.

"पोट्टी कोनाजवळ देली?" सासूबाईंनी विचारलं.

"गयामावशीजवळ."

"अवो माय! साऱ्या गाडीत तुले तेच भेटली?"

मग हलक्या आवाजात त्यांनी सांगितलं. मावशींची स्वतःची दोन्ही लेकरं पाळण्यातच गेली. मागून नवरा गेला. "अन् मंग नंदेच्या पोराच्या बारशाले गेलती. तिनं त्या पोराले मांडीवर घेतलं, मुका घेतला. थोड्या दिसानं ते पोरगं तापानं गेलं. तवापासून कोनी देत नाई तिच्याजवळ. ते बी हात लावत नाई. तिची नजरच तशी हाय म्हन्तात."

खोटं कशाला सांगू, मलाही ते खरंच वाटलं. शिकलेली होते मी, इंग्रजी चौथीपर्यंत. पण त्या घटकेला सगळं शिक्षण चुलीत गेलं. सुमीचं तोंड सारखं डोळ्यांपुढे येत होतं. आणि मागोमाग मावशींचं, त्या दिवशी दोन पावलं मागे सरलेलं. बाई घ्यायला का भीत होती, ते आता कळत होतं. पोटच्या पोरीची काळजी आणि त्या बाईची कणव, दोन्ही एकदमच दाटून आलं आणि मी रडायला लागले.

पुढचं स्टेशन आलं. गाडी थांबायच्या आतच मी उडी मारली आणि पुढच्या डब्याकडे धावले. मागून सासूबाई.

डबा चिडीचूप. एकही बिडी पेटलेली नाही. मावशी काठीसारख्या ताठ बसलेल्या. सुमी त्यांच्या दोन्ही हातांवर, अंगापासून लांब धरलेली, तुपाने भरलेली घागर धरावी तशी. पोरगी गाढ झोपलेली. आणि मावशींचं तोंड पार खिडकीबाहेर! इंजिनाच्या बाजूला! डोळे लालभडक, गालांवर काळे ओघळ.

"घे माय, तुही पोरगी," त्या मान न वळवताच म्हणाल्या. "म्या तिच्याकडे पाह्यलं नाई. एक डाव बी नाई. इचार या भाऊले."

"खरं हाय बाई," तो टोपलीवाला म्हणाला. "सारा कोयसा डोयात जाऊन राह्यला, म्या किती म्हनलं तोंड इकडे करा, आयकतच नाई. मले घेऊ द्या म्हनलं, तं म्हने झोप मोडन."

सासूबाईंनी झटकन हात पुढे केले. आजवर त्यांच्यापुढे माझा शब्द निघाला नव्हता. त्या दिवशी निघाला. "राहू द्या. झोपली हाय ते. आर्वीपर्यंत मावशीजवळच राहू द्या." सासूबाईंनी हात मागे घेतले.

मी मावशींच्या शेजारी बसले. पदराने त्यांचे डोळे पुसले. "मावशी, इकडे पाहा."

"नोको वो."

"पाहा म्हनते ना! माय मी हाय तिची."

गाडी सुटली तरी त्या बाहेरच पाहत होत्या. मग हळूच मान वळली. आधी सुमीचे पाय पाहिले, मग मुठी, मग तोंड. लांब धरलेले हात थोडे थोडे जवळ येत गेले, आणि पोर छातीशी लागली. मला वाटलं आता ही बाई हंबरडा फोडते.

"नाक तुह्यावर नाई गेलं," मावशी म्हणाल्या. "बरं झालं."

डबा खदखदा हसला. मीही हसले, रडतारडता. सासूबाई समोर तोंड फिरवून बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने त्यांचा घुश्शातला आवाज आला, "गया, पाय उघडे हायेत तिचे. झाक."

मावशींनी दुपटं ओढून घेतलं आणि पाय झाकले. त्यानंतर त्या कोणावर ओरडल्या नाहीत, कोणाला उठवलं नाही. पलीकडे कोणीतरी बिडी पेटवली, तीही त्यांना दिसली नाही.

आर्वी आली. लोक उतरले, टोपल्या उतरल्या, सासूबाई उतरल्या. मावशी आपल्या बसलेल्याच. मी खांद्याला हात लावला. "मावशी, आर्वी आली."

त्या रडतरखडत चालणाऱ्या गाडीला सगळी दुनिया शिव्या द्यायची, की बैलगाडी बरी, निदान पोचवते तरी. मावशींनी दचकून वर पाहिलं.

"इतक्यात?" त्या म्हणाल्या. "आज लयच पयवली वो डायवरनं गाडी."